बुलेटिनचे तास वाढवण्याआधी माणसे मोजा: स्थानिक वृत्तवाहिन्यांच्या मालकांना आणि वृत्तसंचालकांना खुले पत्र

प्रति,
स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांचे मालक, त्यांच्या समूहांचे मुख्य अधिकारी आणि वृत्तसंचालक यांस,

स.न.वि.वि.

नोकरकपात आणि बुलेटिनमधले फेरबदल हल्ली एकाच पत्रकात जाहीर होतात. वरच्या परिच्छेदात सकाळचे बुलेटिन अर्ध्या तासाने लवकर सुरू होणार, दुपारी चारला नवा तास येणार अशी घोषणा असते. खालच्या परिच्छेदात पुनर्रचनेत न्यूजरूममधली काही पदे कमी केल्याचे कळवलेले असते. वाढलेले तास कमी झालेली माणसे कशी भरणार, याबद्दल पत्रकात चकार शब्द नसतो. आम्ही हे बुलेटिन रोज उभे करतो. बातमीदार, कॅमेरामन, व्हिडिओ एडिटर, प्रोड्युसर, असाइनमेंट डेस्क (कुठल्या बातमीला कुणाला पाठवायचे ते ठरवणारे टेबल) आणि पीसीआरमधले (बुलेटिन प्रक्षेपित होते त्या नियंत्रण कक्षातले) सहकारी अशा सगळ्यांनी मिळून हे पत्र लिहिले आहे. तास कसा भरतो ते आम्हाला ठाऊक आहे. तास भरतो, पण बातमी वाढत नाही.

आधी मिनिटांचा हिशेब मांडू. अर्ध्या तासाचे बुलेटिन घ्या. 30 मिनिटांतली साधारण 8 जाहिरातींना जातात. उरली 22. हवामानाला 3, खेळाला 3, हेडलाइन्स, ब्रेकआधीची झलक आणि नमस्कार-निरोप यांना मिळून 2. बातम्यांसाठी हातात राहतात 14 मिनिटे. आता दुसरी बाजू बघा. एक बातमीदार आणि एक कॅमेरामन अशी टीम दिवसभरात एक नीट पॅकेज, म्हणजे बातमीदाराच्या आवाजातली दृश्यांसह तयार बातमी, देते. ते दीड मिनिटाचे, वर अँकरची 15 सेकंदांची प्रस्तावना. त्याच फेरीत एखादी एव्हीबी निघते, म्हणजे अँकरचे वाचन, त्यावर दृश्ये आणि शेवटी एक बाइट, म्हणजे कुणाच्या तरी बोलण्याचा तुकडा. ती 45 सेकंदांची. सगळे मिळून अडीच मिनिटे. 14 मिनिटे आपल्याच भागातल्या, स्वतः जाऊन आणलेल्या बातम्यांनी भरायची तर रोज रस्त्यावर पाच ते सहा टीम हव्यात.

तीन टीमच्या केंद्रात ताजी मिनिटे निघतात साडेसात. बाकीची साडेसहा मिनिटे एजन्सीच्या फीडने, कालच्या पॅकेजच्या तुकड्यांनी, पोलिसांच्या पत्रकाने आणि कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओंनी भरतात. या केंद्राने आता दुपारी चारला एक तासाचे नवे बुलेटिन सुरू केले आणि टीम तीनच ठेवल्या, तर ताजी मिनिटे किती? साडेसातच. खरे तर कमीच होतात. सहाच्या बुलेटिनसाठी काम करणाऱ्या बातमीदाराला आता चारलाही लाइव्ह उभे राहावे लागते. तीन वाजता तो जागा शोधतो. सव्वातीनला चित्र पाठवणारा बॅकपॅक सुरू करून सिग्नल बघतो. साडेतीनला पीसीआरशी चित्र आणि आवाज जुळवतो. चार वाजून दोन मिनिटांनी दीड मिनिट बोलतो आणि चार दहाला मोकळा होतो. दीड मिनिटासाठी सत्तर मिनिटे गेली. याच सत्तर मिनिटांत बातमीच्या दुसऱ्या बाजूच्या माणसाला गाठायचे होते. संध्याकाळच्या पॅकेजमध्ये मग "त्यांची प्रतिक्रिया मिळू शकली नाही" हे वाक्य येते. प्रतिक्रिया मिळाली असती. ती घ्यायला कुणी गेले नव्हते.

अमेरिकेतल्या स्थानिक केंद्रांवर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सरासरी किती तास बातम्या दाखवल्या जातात, याची पाहणी दरवर्षी होते. 2003 मध्ये हा आकडा चार तासांच्या आसपास होता. अलीकडच्या वर्षांत तो सहाच्या पुढे गेला आहे. न्यूजरूममधल्या माणसांची संख्या त्या प्रमाणात वाढलेली नाही. म्हणून तुमच्या अहवालात बुलेटिनच्या तासांचा रकाना असतो, त्याच्या शेजारी ताज्या मिनिटांचा रकाना असलाच पाहिजे. आजच, आपल्या भागात, आपल्या माणसाने जाऊन आणलेली बातमी किती मिनिटांची, एवढेच त्यात लिहायचे. रनडाउनच्या, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांच्या क्रमाच्या, सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बातमीपुढे एक खूण केली की रात्री बेरीज आपोआप मिळते. त्यासाठी वेगळा माणूस लागत नाही.

पदांचा हिशेबही असाच फसवतो. फक्त एक पद कमी केले, असे तुम्ही म्हणता. पण असाइनमेंट डेस्कची एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला किती माणसे लागतात ते काढून बघा. वर्षाचे तास 8,760. आठवड्याला 40 तास काम करणारा माणूस साप्ताहिक सुट्टीखेरीजच्या रजा, आजारपण आणि प्रशिक्षणाचे सहा आठवडे वजा करता 46 आठवडे हजर असतो, म्हणजे 1,840 तास. भागाकार करा, 4.76 येतात. एका खुर्चीला पाच माणसे. त्यातले एक काढले की साधारण दिवसाआड एक पाळी रिकामी पडते, आणि ती जवळजवळ नेहमी रात्रीचीच असते, कारण रात्री कुणी वरिष्ठ बघायला नसतो. मध्यरात्रीनंतर आग लागली, पूल खचला, रुग्णालयातला प्राणवायू संपत आला, तर फोन उचलायला आणि कॅमेरामनला उठवायला कुणी नाही. सकाळच्या बुलेटिनमध्ये ती बातमी तीन ओळींची होते आणि दृश्ये उजाडल्यानंतरची, धूर विझल्यावरची असतात.

सकाळचे बुलेटिन पाचवरून साडेचारवर आणणे हा निर्णय कागदावर अर्ध्या तासाचा दिसतो. रात्रपाळीच्या प्रोड्युसरला तो वेगळाच पडतो. पहाटे ताजी पॅकेजेस नसतात, त्यामुळे वाढलेली 14 मिनिटे बहुतेक अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या एव्हींनी (बाइट नसलेल्या, नुसते अँकरचे वाचन आणि दृश्ये असलेल्या बातम्यांनी) भरायची, म्हणजे 28 एव्ही. एक एव्ही लिहायची, तिची दृश्ये पाहून निवडायची, नाव-गाव-आकडे तपासायचे, खालची पट्टी भरायची. याला दहा मिनिटे धरली तरी 4 तास 40 मिनिटांचे काम वाढले. ते त्याच माणसाच्या त्याच आठ तासांत बसवायचे, तर प्रत्येक एव्हीची दहाची चार मिनिटे होतात. लिहायला तीन लागतात. तपासायला एक उरते.

आमच्या मते कपातीचा खरा घाव इथे बसतो. पडद्यावर अँकर तसाच दिसतो, सेट नवा दिसतो, ग्राफिक्स झगमगीत असतात. जाते ती दुसरी नजर. पूर्वी बातमीदाराने लिहिलेला मजकूर प्रोड्युसर वाचायचा, प्रोड्युसरने लिहिलेला कार्यकारी प्रोड्युसर वाचायचा, आणि शेवटी अँकर बुलेटिनआधी सगळे एकदा मोठ्याने वाचायचा. आता मधला माणूस काढलेला असतो आणि अँकर मेकअपच्या खुर्चीवरून वेबसाइटसाठी व्हिडिओ करत असतो. सॅन फ्रान्सिस्को भागातल्या केटीव्हीयू या केंद्राचे जुलै 2013 मधले प्रकरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथल्या विमानतळावर आसियाना एअरलाइन्सच्या विमानाला झालेल्या अपघातानंतर काही दिवसांनी या केंद्राने वैमानिकांची म्हणून चार नावे दाखवली आणि वाचली. ती नावे खोटी आणि वंशद्वेषी थट्टेची होती. अपघाताचा तपास करणाऱ्या सरकारी मंडळात फोन करून त्यांनी ती पक्की केली होती. पण फोनवर होता एक उन्हाळी प्रशिक्षणार्थी, आणि त्याचे पद कुणी विचारले नाही. केंद्राने माफी मागताना हेही कबूल केले, की ती नावे प्रक्षेपणाआधी कुणी मोठ्याने उच्चारून पाहिली नव्हती. तिथे माणसे कमी होती असा आमचा दावा नाही. मोठ्या शहरातल्या अनुभवी न्यूजरूममध्ये हे घडले, एवढेच लक्षात घ्या. चार नावे मोठ्याने वाचायला दहा सेकंद लागतात. ते दहा सेकंद ज्याच्याकडे आहेत असा एक माणूस प्रत्येक बुलेटिनमागे असलाच पाहिजे. मृतांची आणि आरोपींची नावे, अल्पवयीन मुलांशी संबंधित मजकूर, औषधांचे प्रमाण, शाळा बंद असल्याची सूचना, बँक बुडाल्याची बातमी, यांतले काहीही दुसऱ्याने वाचल्याशिवाय प्रॉम्प्टरवर, म्हणजे अँकर ज्यावरून वाचतो त्या पडद्यावर, जाता कामा नये.

आता एकट्या बातमीदाराबद्दल. बातमी, कॅमेरा, एडिटिंग आणि लाइव्ह हे सगळे एकाच माणसाने करायचे, ही पद्धत आता लहान केंद्रांपुरती राहिलेली नाही. शांत विषयाला ती चालते. एखाद्या ग्रंथालयाच्या नव्या इमारतीवरचे पॅकेज एकटा माणूस छान करतो, आणि त्यात त्याचा स्वतःचा डोळा दिसतो, हेही आम्ही मान्य करतो. पण तिथेही काय बिघडते ते सांगतो. मुलाखत सुरू करताना फोकस लावून तो कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन बसतो. समोरचा माणूस बोलता बोलता पुढे झुकतो आणि फोकस सुटून चेहरा धूसर होतो. हे कळते ऑफिसात, मोठ्या मॉनिटरवर. कानात हेडफोन असेल तर समोरच्याशी नीट बोलता येत नाही, म्हणून तो काढून ठेवतो. मग कॉलरचा माइक शर्टावर घासत राहतो आणि सबंध बाइट खरखरीत येतो. तो बाइट टाकून द्यावा लागतो, नाहीतर त्याची वाक्ये अँकरच्या तोंडी घालावी लागतात. कॅमेरा, ट्रायपॉड, दिवे, बॅटऱ्या आणि सिग्नलचा बॅकपॅक मिळून ओझे सहज 15 किलोच्या पुढे जाते, आणि गाडीही तोच चालवतो. स्क्रिप्टला मंजुरी मिळवण्यासाठी तो रस्त्याकडेला गाडी थांबवतो तेव्हा बरे. ती चालत्या गाडीतून फोनवर घेतली जाते तेव्हा त्याचा जीव धोक्यात असतो.

लाइव्ह असताना हा धोका वाढतो. कॅमेऱ्यात बघून बोलणाऱ्याला पाठीमागचे दिसत नाही. कॅमेरामन म्हणजे त्याचे पाठीचे डोळे. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात फुटलेल्या जलवाहिनीची बातमी देणाऱ्या बातमीदाराला लाइव्ह चालू असतानाच मागून गाडीची धडक बसली. ती तिथे एकटी होती. पडल्यावर उठून तिने स्वतःच कॅमेरा उचलून सरळ केला आणि बातमी पुढे चालू ठेवली. लोकांनी तिच्या धीराचे कौतुक केले. आम्हाला त्या दृश्यात आधी दिसते ती दुसऱ्या माणसाची रिकामी जागा. अंधार पडल्यावर, रहदारीच्या रस्त्यावर, जमावात, पुरात आणि गुन्ह्याच्या जागी एकट्याला लाइव्ह उभे करायचे नाही, हा नियम लेखी असावा. नकार देणाऱ्या बातमीदाराची नोंद त्याच्या मूल्यमापनात होणार नाही, हेही त्याच कागदावर असावे. तोंडी आश्वासन असाइनमेंट डेस्कवरच्या घाईत टिकत नाही.

याच कामात एक तांत्रिक अडचण आहे, ती वरून दिसत नाही म्हणून सांगतो. बॅकपॅकमध्ये अनेक सिम कार्डे असतात आणि चित्र त्या सगळ्यांवर वाटून पाठवले जाते. मोठी गर्दी जमली की सगळेच नेटवर्क एकदम गुदमरते. उशीर एक-दोन सेकंदांवरून वाढतो, चित्र तुटते. बातमीदाराच्या कानात जो आवाज परत जातो त्यातून त्याचा स्वतःचा आवाज वगळावा लागतो. ते करायला आवाजाच्या टेबलावर माणूस लागतो. वगळले नाही तर त्याला आपलेच शब्द दोन सेकंदांनी ऐकू येतात आणि जगातला कुणीही माणूस अशा वेळी अडखळतो. पडद्यावर मात्र तो गोंधळलेला, तयारी न केलेला दिसतो. प्रेक्षक नाव त्याचे लक्षात ठेवतात. आवाजाच्या टेबलावरची जागा रिकामी होती हे त्यांना कळायचा मार्ग नाही.

पीसीआरमधल्या ऑटोमेशनला आमचा सरसकट विरोध नाही. पूर्वी एका बुलेटिनला दिग्दर्शक, व्हिजन मिक्सर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर चित्र बदलणारा), आवाज, ग्राफिक्स, प्रॉम्प्टर, फ्लोअर मॅनेजर आणि तीन कॅमेरामन अशी आठ-नऊ माणसे असायची. आता रनडाउनमधल्या प्रत्येक ओळीवर कोड चढवलेले असतात. कुठला कॅमेरा, कुठला माइक, कुठली क्लिप, कुठली पट्टी, हे सगळे एका बटणावर क्रमाने चालते. सगळे ठरल्याप्रमाणे असेल तर हे काम माणसांपेक्षा नेटके होते. पण बातमी ठरल्याप्रमाणे नसते. सहा वाजून तीन मिनिटांनी मोठी बातमी आली, प्रोड्युसरने चौथी ओळ वर घेतली आणि नवी ओळ घातली, तर त्या ओळीवर कोड नसतो. बटण दाबल्यावर मागच्या ओळीचा साचा चालतो. दोन अँकरच्या शॉटमध्ये एकाचाच माइक उघडा असतो, किंवा अजून न पोहोचलेल्या क्लिपच्या जागी काळा पडदा येतो. हे हाताने दुरुस्त करायचे तर एक माणूस आवाज उघडेल, दुसरा कॅमेरा बदलेल, तिसरा पुढची क्लिप रोखेल. खुर्चीवर एकच माणूस असेल तर तो पहिली गोष्ट करेपर्यंत तिसरी हातची गेलेली असते. म्हणून आमचे म्हणणे असे, की ऑटोमेशनवरच्या माणसाशेजारी प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या वेळी आवाजासाठी एक माणूस हवाच. आणि आधीची माणसे सोडण्यापूर्वी किमान दोन आठवडे रोजचे खरे बुलेटिन बाजूला समांतर चालवून बघितले पाहिजे. त्यात मुद्दाम बातम्या खालीवर कराव्यात, क्लिप उशिरा द्यावी, मधेच लाइव्ह तोडावे. सुरळीत दिवसाच्या तालमीतून काही कळत नाही.

ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांचा विचार या सगळ्या फेरबदलांत शेवटी होतो, किंवा होतच नाही. खर्च वाचवण्यासाठी काही केंद्रे उपशीर्षके थेट प्रॉम्प्टरच्या मजकुरातून देतात. अँकर लिहिलेले वाचतो तोवर ती चालतात. मोठी दुर्घटना घडली, अँकर प्रॉम्प्टर सोडून बोलू लागला, बातमीदाराशी सवाल-जवाब सुरू झाले की खालची ओळ थांबते. माहितीची सर्वांत जास्त गरज असते त्याच मिनिटाला त्या घरातला पडदा मुका होतो. प्रॉम्प्टरचा माणूस आणि उपशीर्षके लिहिणारा यांना एकाच वेळी काढू नका, आणि आणीबाणीच्या प्रक्षेपणासाठी प्रत्यक्ष ऐकून लिहिणाऱ्याची सोय करारात ठेवा. यंत्राने ऐकून लिहिलेली उपशीर्षके गावांच्या आणि माणसांच्या नावांत गडबडतात, आणि स्थानिक बातमी म्हणजे बहुतांशी नावेच असतात.

हवामान दूरच्या केंद्रातून देण्याची कल्पना तुमच्यापैकी अनेकांना आकर्षक वाटते. तक्ते सगळीकडे सारखेच असतात, उपग्रहाचे चित्रही तेच, मग माणूस तिथेच कशाला, हा युक्तिवाद. उघडीप असलेल्या दिवसासाठी तो ठीक आहे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या अॅलन मीडिया समूहाने आपल्या स्थानिक केंद्रांवरचे हवामानतज्ज्ञ कमी करून अंदाज अटलांटाहून देण्याचे ठरवले होते. प्रेक्षकांचा विरोध इतका झाला की समूहाला माघार घ्यावी लागली. प्रेक्षकांना नेमके काय खुपले ते या कामातल्या माणसाला लगेच कळते. वादळ येते तेव्हा अंदाज सांगायचा नसतो, रस्ता सांगायचा असतो. कुठला ओढा आधी भरतो, कुठल्या वस्तीत पत्र्याची घरे जास्त आहेत, कुठल्या शाळेतली मुले सुटल्यावर कुठल्या चौकातून जातात, हे त्या गावात राहणाऱ्यालाच ठाऊक असते. शिवाय दूरच्या केंद्रातला एकच माणूस सहा ठिकाणांसाठी अंदाज रेकॉर्ड करत असेल आणि त्यांतल्या तीन ठिकाणी एकाच संध्याकाळी वादळ आले, तर तो आधी कुठे जाईल? हा प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारायचा आहे. चालू कार्यक्रम तोडून सूचना देण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारा माणूस स्थानिक इमारतीतच असला पाहिजे. चार तासांपूर्वी रेकॉर्ड केलेला अंदाज दाखवत असाल तर पडद्यावर त्याची वेळ लिहा.

मास्टर कंट्रोल, म्हणजे जाहिराती आणि कार्यक्रम ठरल्या क्रमाने सोडण्याचे काम, एका जागी आणायला हरकत नाही. त्याचा क्रम आदल्या दिवशी ठरलेला असतो, चुका थोड्या होतात आणि लगेच दिसतात. बातम्यांचे तसे नाही. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राचा मुख्य स्टुडिओ त्याच्या परवान्याच्या गावात किंवा जवळ असण्याची जुनी सक्ती रद्द केली. कायद्याने मोकळीक मिळाली म्हणून इमारत रिकामी करायलाच हवी असे नाही, पण अनेक निर्णय त्या दिशेने गेले. पुढच्याच वर्षी तिथल्या अनेक केंद्रांचा मालक असलेल्या सिंक्लेअर समूहाच्या डझनावारी केंद्रांवरच्या अँकरनी एकच लिहून दिलेले निवेदन वाचल्याचे व्हिडिओ एकत्र जोडून लोकांनी पाहिले. त्या अँकरांची वर्षानुवर्षांची ओळख त्या एका दिवसात खर्ची पडली.

दोन भाग एकत्र करून एकच बुलेटिन देण्याचा प्रयोग ब्रिटनमध्ये होऊन गेला आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये तिथल्या आयटीव्ही या खासगी वाहिनीने प्रादेशिक बातम्यांचे 17 विभाग 9 वर आणले. कार्लाइलहून चालणाऱ्या बॉर्डर विभागाच्या बातम्या टाइन टीज विभागाला जोडून गेट्सहेडहून जाऊ लागल्या आणि अर्ध्या तासातला काही भागच बॉर्डरपुरता वेगळा उरला. डोंगराच्या अलीकडच्या माणसाला पलीकडच्या नगरपालिकेची बातमी नको होती. 2013 मध्ये बॉर्डरचे स्वतंत्र बुलेटिन परत सुरू झाले. चार वर्षे गेली आणि त्या काळात सुटलेली माणसे, त्यांच्या डायऱ्यांमधले फोन नंबर, पोलीस ठाण्यात आणि कचेरीत असलेली त्यांची ऊठबस, हे नव्या भरतीने परत येत नाही. कॅनडात बेल मीडियाने फेब्रुवारी 2024 मध्ये टोरंटो सोडून आपल्या सगळ्या सीटीव्ही केंद्रांवरचे दुपारचे बुलेटिन बंद केले. शनिवार-रविवारची सहाची आणि अकराची बुलेटिनही टोरंटो, मॉन्ट्रियल आणि ओटावा एवढीच राहिली. आठवड्याच्या शेवटी बातमी सुट्टीवर जात नाही. शुक्रवारी संध्याकाळी जाहीर केलेला निर्णय सोमवारपर्यंत कुणी विचारणार नाही, हे कार्यालयांना कळायला वेळ लागत नाही.

पैसा कमी झाला आहे, हे आम्हाला दिसते. जाहिराती फोनवर गेल्या, तरुण प्रेक्षक ठरल्या वेळी पडद्यासमोर बसत नाहीत. काही बुलेटिन खरोखर बंद करायला हवीत. दुपारचे बुलेटिन सकाळचीच आवृत्ती असेल तर ते थांबवा आणि ती टीम रस्त्यावर पाठवा, आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. दोन तासांचे पातळ बुलेटिन सोडून एक तासाचे भरीव द्या. रविवारी रात्री एकच माणूस असेल तर अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांचे बुलेटिन द्या. दहा मिनिटे ताजी असतील तर ती लाजिरवाणी नाहीत. शिळे पुन्हा दाखवायचे तर कोपऱ्यात "पुनःप्रक्षेपण" लिहा, आणि जुनी दृश्ये वापरायची तर "संग्रहित" आणि वर्ष दोन्ही लिहा. संग्रहातली माणसे कमी केल्यापासून गेल्या पुराची दृश्ये या पुराच्या बातमीवर चढण्याचे प्रकार वाढले आहेत, कारण सर्व्हरवर क्लिपचे नाव फक्त "पूर" असते.

पुढच्या फेरबदलाआधी आम्हाला एक कागद हवा आहे. त्यावर बदलाआधीची आणि नंतरची रोजची ताजी मिनिटे असावीत, प्रत्येक पाळीत किती खुर्च्या आणि त्यांच्यामागे किती माणसे ते असावे, कुठला मजकूर दुसऱ्या नजरेखालून जाईल आणि ती नजर कुणाची ते पदाच्या नावानिशी असावे, आणि वादळ, आग किंवा दंगल झाली तर पहिल्या तासात कोण येईल, त्याला कोण बोलावेल हे असावे. हा कागद न्यूजरूमच्या भिंतीवर लावावा आणि त्याचा सारांश प्रेक्षकांसाठी आपल्याच बुलेटिनमध्ये वाचावा. पद कमी झाल्याचे ज्याला सांगायचे, त्याला त्या दिवसाचे बुलेटिन संपल्यावर समोर बसवून सांगावे, आणि त्याच्याकडची सूत्रे, अर्धवट राहिलेल्या बातम्या आणि आजपर्यंत पाळलेली गोपनीयतेची वचने कुणाकडे सोपवायची ते ठरवायला किमान दोन आठवडे द्यावेत. प्रवेशपत्र बंद करून दारातून परत पाठवलेल्या माणसासोबत ज्या बातम्या जातात, त्या बहुधा त्या गावातल्या सर्वांत महत्त्वाच्या बातम्या असतात, कारण त्या पूर्ण व्हायला महिने लागलेले असतात.

हा कागद तयार करायला आम्ही बसायला तयार आहोत. रनडाउन, पाळ्यांचे तक्ते आणि गेल्या तीन महिन्यांतल्या प्रक्षेपणातल्या चुकांच्या नोंदी आमच्याकडे आहेत. नव्या पाळ्यांचा तक्ता लागण्याच्या किमान एक महिना आधी वेळ कळवावी, ही विनंती.

आपले,
स्थानिक वृत्तवाहिन्यांमधले बातमीदार, कॅमेरामन, एडिटर, प्रोड्युसर आणि पीसीआरमधील सहकारी